जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि कर्करोगाचे भय

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या समाजातील बहुतेक घरांत एका नव्या वस्तूने कायमचे ठाण मांडले आहे. जेवणघरातील फडताळात, उशाशी किंवा पेढीवरील गल्ल्याच्या खणात जीवनसत्त्वांच्या, क्षारांच्या आणि नाना वनस्पतींच्या अर्कांच्या गोळ्यांनी भरलेल्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. कोणत्या विकारासाठी त्या घेता, असे विचारले असता ‘विकार काही नाही; पुढे काही होऊ नये म्हणून’ असे उत्तर मिळते. हे ‘काही’ म्हणजे काय, ते सहसा कोणी उच्चारीत नाही. परंतु ज्या घरातील एखादे माणूस कर्करोगाने नेले आहे, त्या घरात त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक असतो.

या भयाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. भय खरे आहे आणि त्यास कारणही आहे. परंतु भयापोटी घाईने केलेली खरेदी बहुधा अंगाशी येते, हा आपणां व्यापाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून या गोळ्यांविषयी दोन साधे प्रश्न येथे विचारावयाचे आहेत. त्यांच्यामुळे कर्करोग टळतो काय? आणि टळत नसेल, तर निदान अपाय तरी होत नाही ना? आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर घाऊक धान्याचा व्यवहार केलेले व्यापारी आहोत. परंतु हे दोन्ही प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत हजारो माणसांवर तोलून पाहिले गेले आहेत आणि त्यांचे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. आकडे वाचणे हा तर आपला धंदाच आहे.

घट भरून काढण्याची विद्या

जीवनसत्त्वांच्या शोधाचा प्रारंभ धान्यापासूनच झाला, ही गोष्ट सभासद बंधूंस कौतुकाची वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावरील बटाव्हिया येथे आयक्मान नावाच्या डच डॉक्टरांनी कोंबड्यांना होणाऱ्या एका विकाराचा अभ्यास केला. पांढरा, सडून गुळगुळीत केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत आणि कोंडा न काढलेला तांदूळ मिळताच त्या बऱ्या होत. माणसांतील बेरीबेरी नावाचा रोगही याच जातीचा होता. कोंड्याबरोबर आपण काही प्राणपोषक द्रव्य फेकून देत होतो, हे पुढे निश्चित झाले. १९१२ मध्ये फंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटामीन’ हे नाव दिले व १९२९ मध्ये आयक्मान यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

या शोधाने माणसाच्या मनावर फार मोठा परिणाम केला. जेथे घट होती तेथे चिमूटभर भर पडताच मरणोन्मुख माणूस उठून बसला. मग साहजिकच असे वाटू लागले की, चिमूटभराने जर प्राण वाचतात, तर मूठभराने आयुष्य का वाढू नये? या तर्कात जी चूक आहे तीच या लेखाचा विषय आहे. रिकामे माप भरणे वेगळे आणि भरल्या मापावर ओतणे वेगळे. भरल्या मापावर ओतलेले धान्य निदान जमिनीवर सांडते. शरीरात ओतलेले सर्वच सांडून जात नाही.

तोंडचा नमुना आणि काटा

हिरव्या पालेभाज्या व पिवळी-नारिंगी फळे भरपूर खाणाऱ्या लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले होते. अशा लोकांच्या रक्तात बीटा कॅरोटीन नावाचे द्रव्यही अधिक असे. गाजराला रंग देणारे हेच ते द्रव्य. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आदी नामांकित संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रश्न मांडला की, आहारातील बीटा कॅरोटीनमुळे माणसांतील कर्करोग खरोखर कमी होऊ शकेल काय? प्रश्न रास्त होता. बाजाराने मात्र प्रश्नालाच उत्तर मानले.

पेठेत सौदा करताना पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवरून कोणी भाव ठरवीत नाही. तोंडाशी निवडक माल असू शकतो. म्हणून परखी पोत्यात खोल खुपसून मधले व तळाचे दाणे काढून पाहावे लागतात आणि शेवटी माल काट्यावर चढवावा लागतो. वर सांगितलेल्या पाहण्या म्हणजे पोत्याच्या तोंडचा नमुना होय. जो मनुष्य भाजी-फळे अधिक खातो, तो बहुधा तंबाखूही कमी ओढतो, मद्यापासून दूर राहतो, चालतो-फिरतो आणि दुखणे अंगावर काढीत नाही. मग त्याच्या निरोगीपणाचे श्रेय गाजरातील त्या एका द्रव्याला द्यावे की त्याच्या सबंध राहणीला?

याचा निवाडा करणारा काटा वैद्यकशास्त्रापाशी आहे. हजारो माणसे घ्यावयाची. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने त्यांचे दोन भाग करावयाचे. एका भागास खरी गोळी आणि दुसऱ्यास दिसण्यात हुबेहूब तशीच, पण आत ते द्रव्य नसलेली कोरी गोळी द्यावयाची. कोणाच्या हाती कोणती गोळी आहे, हे घेणाऱ्यास ठाऊक नसते आणि देणाऱ्यासही नसते. काही वर्षांनी दोन्ही पारडी पाहावयाची. वय, सवयी, आहार ही सर्व वजने दोन्हीकडे सारखीच पडलेली असल्यामुळे उरलेला फरक गोळीचाच मानावा लागतो.

फिनलंडमधील कसोटी

असा एक मोठा काटा फिनलंड देशात उभारला गेला. तेथील ५० ते ६९ वर्षे वयाच्या, धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांची १९८५ पासून निवड झाली. त्यांपैकी काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि काहींना कोरी गोळी देण्यात आली. पाच ते आठ वर्षे हा क्रम चालला. २० मिलिग्रॅम ही मात्रा ऐकण्यास काही भयंकर नाही. पाव किलो नारिंगी गाजरांत साधारण तेवढे द्रव्य असते. परंतु गाजरातील द्रव्य शरीरात थोडे थोडे झिरपते, तर गोळीतील शुद्ध द्रव्य कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात उतरते, हा भेद ध्यानात ठेवावा.

१९९४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. बीटा कॅरोटीन न घेतलेल्या सुमारे साडेचौदा हजार पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४०२ रुग्ण निघाले. बीटा कॅरोटीन घेतलेल्या जवळजवळ तितक्याच पुरुषांत ४७४ निघाले. म्हणजे घट होण्याऐवजी शेकडा १८ने वाढ झाली. एकूण मृत्यूही शेकडा ८ने अधिक झाले. आकडा प्रचंड नाही, हे खरे. साडेचौदा हजारांत ७२ रुग्ण अधिक. परंतु ज्या वस्तूने नफा व्हावयाचा तिनेच तोटा दाखविला, हे लक्षात घेतले पाहिजे. शिवाय ते ७२ जण कोणाच्या तरी घरचे कर्ते पुरुष होते.

याच प्रयोगातील आणखी एक नोंद आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. ज्यांच्या रोजच्या जेवणातून बीटा कॅरोटीन अधिक जात होते, त्यांच्यात हा कर्करोग खरोखरच कमी आढळला. म्हणजे जुन्या पाहण्या खोट्या नव्हत्या. ताटातील भाजी गुण दाखवीत होती. तिच्यातून वेगळे काढून बाटलीत भरलेले एक द्रव्य मात्र उलटे फळ देत होते. पुढील पाहणीत असेही दिसून आले की, गोळ्या बंद झाल्यानंतर चार ते सहा वर्षांत हा जादा धोका नाहीसा झाला. ज्यांनी अशा गोळ्या पूर्वी घेतल्या असतील त्यांनी यावरून धीर धरावा.

एकाच काट्यावर विश्वास ठेवू नये, दुसऱ्या काट्यावर पुन्हा तोलावे, ही रीत शास्त्रातही आहे. अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी केलेले व ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले असे १८,३१४ स्त्री-पुरुष दुसऱ्या प्रयोगात होते. त्यांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन व २५,००० एकके अ जीवनसत्त्व देण्यात येई. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेकडा २८ने व एकूण मृत्यू शेकडा १७ने अधिक होत असल्याचे दिसल्यामुळे जानेवारी १९९६ मध्ये, ठरल्या मुदतीच्या एकवीस महिने आधीच, तो प्रयोग थांबविण्यात आला. त्याच वर्षी २२,०७१ अमेरिकी डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या प्रयोगाचा निकाल आला. त्यांच्यात धूम्रपान करणारे थोडे होते. त्यांना बीटा कॅरोटीनने अपाय केला नाही आणि उपायही केला नाही. तिन्ही निकाल एकत्र ठेवले म्हणजे कळते की, ही गोळी निर्व्यसनी माणसाच्या उपयोगी पडली नाही व ज्याला तिची सर्वांत अधिक आशा होती, त्या धूम्रपानी माणसालाच ती बाधली.

ई जीवनसत्त्व व सेलेनियम

फिनलंडच्या प्रयोगात ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाच्या बाबतीत काही केले नाही. मात्र पुरुषांच्या मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग ते घेणाऱ्यांत कमी दिसला. सेलेनियम या क्षाराविषयीही एका लहान प्रयोगातून तशीच आशा निर्माण झाली होती. दोन्ही गोष्टी मूळ प्रश्नाच्या बाहेर, ओघाओघात दिसलेल्या होत्या. त्यांची स्वतंत्र परीक्षा करण्यासाठी अमेरिका, कॅनडा व पोर्तो रिको येथील ३५,५३३ पुरुषांचा मोठा प्रयोग २००१ मध्ये सुरू झाला. ई जीवनसत्त्व रोज ४०० एकके व सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम अशी मात्रा होती. फायद्याचे चिन्ह दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या बंद करण्यात आल्या. तरीही त्या पुरुषांची पाहणी चालूच ठेवली गेली. २०११ मध्ये हिशेब जुळविला तेव्हा कोऱ्या गोळीच्या गटात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ५२९ आणि केवळ ई जीवनसत्त्व घेतलेल्या गटात ६२० रुग्ण निघाले. वाढ शेकडा १७. सेलेनियमच्या बाबतीत २०१४ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, ज्यांच्या शरीरात मुळातच सेलेनियम भरपूर होते, त्यांनी गोळी घेतल्यावर उग्र स्वरूपाच्या कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट झाला. भरल्या मापावर ओतण्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

आपल्याकडे ई जीवनसत्त्वाची ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल केसांसाठी व त्वचेसाठी म्हणून दुकानात सहज मिळते आणि महिनोन्महिने घेतली जाते. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे १५ मिलिग्रॅम धरतात व ती तेलबिया, शेंगदाणे, बदाम, गव्हाचा कोंभ यांतून भागू शकते. पंधरा मापांच्या जागी चारशे मापे ओतताना आपण पेढीवर दोनदा विचार केला असता.

रिकामे माप : लिन्शियानचा धडा

तर मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या सर्वथा त्याज्यच समजाव्यात काय? तसे म्हणणेही अन्यायाचे होईल. चीन देशातील हेनान प्रांतात लिन्शियान नावाचा परगणा होता. तेथील शेतकऱ्यांचा आहार निकृष्ट होता, अनेक जीवनसत्त्वांची उणीव होती आणि अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगाचे प्रमाण जगात अत्यंत अधिक असलेल्या भागांत त्याची गणना होत असे. तेथे २९,५८४ लोकांवर १९८६ पासून सव्वापाच वर्षे प्रयोग झाला. ज्यांना बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांचे मिश्रण माफक मात्रेत मिळाले, त्यांच्यात कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा १३ने आणि त्यांपैकी जठराच्या कर्करोगाचे मृत्यू शेकडा २१ने कमी झाले. हा निकाल १९९३ मध्ये, फिनलंडच्या निकालाच्या केवळ एक वर्ष आधी प्रसिद्ध झाला.

द्रव्ये बहुतांशी तीच. मग एका देशात पथ्य आणि दुसऱ्या देशात अपथ्य कसे? फरक मात्रेचा आणि माणसांच्या स्थितीचा होता. लिन्शियानमध्ये माप रिकामे होते. फिनलंडमध्ये माप पुरेसे भरलेले होते आणि शिवाय फुप्फुसात तंबाखूचा धूर कोंडलेला होता. त्या धुरात बीटा कॅरोटीनचे रासायनिक रूप पालटते व त्यापासून निघणारी द्रव्ये पेशींस उपद्रव देतात, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे.

दुसरेही एक कारण सांगतात. ही द्रव्ये शरीरातील पेशींना एक प्रकारच्या गंजापासून वाचवितात, अशी त्यांची ख्याती आहे व ती खोटी नाही. परंतु शरीरात कोठे तरी बिघडलेल्या पेशींची सूक्ष्म गाठ आधीच धरलेली असेल, तर हीच ढाल तिलाही मिळते. घरधन्यासाठी आणलेली ढाल चोराच्या हाती जावी, तसा हा प्रकार आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांत असे दाखविले की, फुप्फुसात गाठी धरलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व अधिक दिले असता गाठी वेगाने वाढल्या. उंदरांचा न्याय माणसाला तंतोतंत लागू होतोच असे नाही. परंतु माणसांवरील मोठ्या प्रयोगांशी तो विसंगत नाही.

इतर गोळ्यांचा थोडक्यात हिशेब

ड जीवनसत्त्वाविषयी आज सर्वत्र बोलले जाते. अमेरिकेत २५,८७१ स्त्री-पुरुषांवर रोज २,००० एककांचा प्रयोग झाला. पाच वर्षांहून अधिक काळ गोळी देऊनही नव्या कर्करोगांची संख्या घटली नाही, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. त्याच प्रयोगात माशांच्या तेलाचीही परीक्षा झाली. कर्करोगाच्या बाबतीत तेही निष्फळ ठरले. फॉलिक ॲसिड रोज एक मिलिग्रॅम दिल्याने मोठ्या आतड्यातील गाठी पुन्हा होणे टळत नाही, उलट दीर्घ पाहणीत तीन वा अधिक गाठी असणारे लोक गोळी घेणाऱ्यांतच अधिक आढळले, असा एका प्रयोगाचा निकाल २००७ मध्ये आला.

अनेक जीवनसत्त्वे रोजच्या गरजेइतक्या मात्रेत एकत्र असलेल्या साध्या गोळीची कथा थोडी वेगळी आहे. पन्नाशी ओलांडलेल्या १४,६४१ अमेरिकी डॉक्टरांवर तिचा अकरा वर्षांहून अधिक काळ प्रयोग झाला व ती घेणाऱ्यांत एकूण कर्करोग शेकडा ८ने कमी आढळले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु २०२२ मध्ये निकाल आलेल्या २१,४४२ वृद्ध स्त्री-पुरुषांवरील, सुमारे साडेतीन वर्षांच्या प्रयोगात अशी घट सिद्ध झाली नाही. सारांश, माफक गोळीचा लाभ झाला तर थोडा होईल. जबर मात्रेच्या गोळीचा मात्र लाभ दिसत नाही आणि धोका दिसतो. याच आधारावर जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मध्ये कर्करोग टाळण्यासाठी पूरक गोळ्या घेऊ नयेत, गरज आहारातून भागवावी, असा सल्ला दिला आणि अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाने २०२२ मध्ये बीटा कॅरोटीन व ई जीवनसत्त्व यांविरुद्ध स्पष्ट शिफारस केली.

तंबाखूवर गोळीचा उतारा नाही

हे सर्व दूरदेशीचे झाले. त्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध तंबाखूचा आहे. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी आहे आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी चघळणे हे होय. आपल्या पेठांतील हमाल, तोलणारे, गाडीवान आणि काही अंशी मालकवर्गही या व्यसनातून सुटलेला नाही. केरळात तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर अ जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. १९९७ मध्ये त्याचा निकाल आला. औषध चालू असताना पुष्कळांचे चट्टे गेले, परंतु ते बंद होताच अनेकांचे परत आले. मूळ कारण जागेवर ठेवून वरून लेप लावला तर दुसरे काय होणार?

ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांच्या कुटुंबीयांनी तर पुढील गोष्ट विशेष लक्षपूर्वक वाचावी. कॅनडातील क्विबेक प्रांतात तोंड-घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या ५४० रुग्णांवर ई जीवनसत्त्वाचा प्रयोग झाला. आरंभी काहींना बीटा कॅरोटीनही दिले होते. गोळ्या चालू असेपर्यंत त्या रुग्णांत दुसरा नवा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण कोऱ्या गोळीवाल्यांपेक्षा अधिक निघाले. हा निकाल २००५ चा. आपल्या घरांत मात्र असे दिसते की, रुग्णाला ‘ताकद यावी’ म्हणून प्रत्येक नातलग एकेक बाटली आणून देतो आणि ‘ही तर साधी शक्तीची गोळी’ म्हणून डॉक्टरांस ती कोणी सांगत नाही. प्रेमापोटी केलेले हे लपविणे रुग्णास महाग पडू शकते.

गोळी कोणी घ्यावी

येथे एक गैरसमज होऊ नये. उणीव असेल तर ती भरलीच पाहिजे. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते, कारण ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. दूध, दही, ताक यांतून जे मिळते तेवढेच. ही उणीव अंगावर काढल्यास रक्तक्षय होतो, हातापायांस मुंग्या येतात, स्मृती मंदावते. रक्त तपासून उणीव निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी वा इंजेक्शन अवश्य घ्यावे. भरपाई झाली की नाही ते पुन्हा तपासावे आणि पुढील मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी. गर्भधारणेच्या आधी व आरंभीच्या महिन्यांत स्त्रियांना दिले जाणारे फॉलिक ॲसिड बालकाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी असते. वर सांगितलेल्या आतड्याच्या प्रयोगाचे नाव घेऊन ते कोणी बंद करू नये. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांनाही हाच न्याय लागू आहे. आधी माप तपासावे, मग ओतावे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजापुरती. पुष्कळ कॅप्सूलांचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले असते. ओमेगा-३ ची कॅप्सूल बहुधा माशांच्या तेलाची असते आणि ड-३ जीवनसत्त्व बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनवितात. ज्या घरात कंदमुळांचाही विचार केला जातो, त्या घरात ही बाटली न वाचता यावी, हे योग्य नव्हे. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर हिरवी किंवा तपकिरी खूण असते; ती पाहून घ्यावी.

व्यापारी या नात्याने

आपल्यापैकी अनेकांकडे अशा मालाची एजन्सी घेण्याचा आग्रह होत असतो. आमच्या पेढीवरही असे प्रतिनिधी येतात. नफ्याचे प्रमाण धान्याच्या धंद्यात स्वप्नातही दिसणार नाही इतके सांगितले जाते. एकाने आमच्या हाती रंगीत पत्रक दिले. त्यावर ‘कर्करोगापासून संरक्षण’ असे ठळक छापलेले होते. आम्ही बाटली मागून घेतली. तिच्यावर तो शब्द कोठेही नव्हता. जे पत्रकावर आहे ते बाटलीवर का नाही, असे विचारताच गृहस्थांनी विषय बदलला.

त्याचे कारण कायद्यात आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१६ मध्ये झालेल्या व १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या नियमांनी अशा पूरक पदार्थांवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे आवश्यक केले. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ सालापासून जो कायदा आहे, त्याच्या रोगांच्या यादीतही कर्करोगाचे नाव आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी आपला पेढीचा धर्म उरतोच. एका पोत्यातील खडे ग्राहकास दुसऱ्या दिवशी दिसतात व तो भांडावयास येतो. या बाटलीतील खोट दहा वर्षांनीही ग्राहकास दिसणार नाही. तो भांडावयास येणार नाही. म्हणूनच येथे विकणाऱ्याची जबाबदारी अधिक आहे.

सभासदांस विनंती

वरील विवेचनावरून जे व्यवहारात आणावयाचे ते थोडक्यात असे :

१. जे धूम्रपान करतात, पूर्वी करीत असत किंवा तंबाखू खातात, त्यांनी बीटा कॅरोटीन, अ व ई जीवनसत्त्वे यांच्या जबर मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांच्यासाठी खरा प्रतिबंध एकच, तो म्हणजे तंबाखू सोडणे.

२. घरातील सर्व बाटल्या एकत्र मांडून प्रत्येक द्रव्याची बेरीज करावी. तीन बाटल्यांत एकच द्रव्य तीनदा निघणे ही सामान्य गोष्ट आहे.

३. चालू असलेली प्रत्येक गोळी, साधी असो वा आयुर्वेदिक, डॉक्टरांस सांगावी. ज्यांनी चिठ्ठी लिहून गोळी दिली आहे त्यांना विचारल्यावाचून ती बंदही करू नये.

४. गोळी घेतो म्हणून तपासणी टाळू नये. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, अंगावर नवी गाठ, शौचातून रक्त यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित दाखवावे.

५. कर्करोग दूर ठेवणाऱ्या ज्या गोष्टी खरोखर सिद्ध आहेत त्यांत बाटली नाही. तंबाखू व मद्य वर्ज्य करणे, वजन आटोक्यात ठेवणे, रोज चालणे, मुलांना यकृतदाहाची ब लस व मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देणे, आणि ताटात भाजी, फळे, डाळी व कोंड्यासह धान्य असणे, या त्या गोष्टी होत.

धान्याचा व्यापारी धान्याचीच भलामण करणार, असे कोणी हसून म्हणेल. म्हणोत बापडे. कोंड्यासह धान्य खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी असतो, हे आमचे मत नसून अनेक पाहण्यांचा एकमुखी कल आहे. शिवाय आमच्या मालाविरुद्धची गोष्टही आम्ही झाकून ठेवणार नाही. ओल लागून बुरशी धरलेल्या शेंगदाण्यांत व मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृताच्या कर्करोगास कारण होते. असा माल पाखडून, उन्ह देऊन पुन्हा पोत्यात भरणारा व्यापारी गोळ्या विकणाऱ्यांना नावे ठेवण्यास पात्र नाही. या वर्षी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या गोदामाची गळती पाहावी आणि बुरशीचा माल खाद्याच्या बाजारात जाणार नाही अशी व्यवस्था करावी.